काकीमाचा देश आणि लाल-सोनेरी जर्सी

‘तोमादेर देश कोथाय?’ काकीमाने आईला पहिल्याच दिवशी विचारलं. आईला बंगाली अजिबात येत नव्हतं, पण ‘देश’ एवढा शब्द ओळखीचा वाटला. तिने सांगितलं, ‘भारत.’ काकीमा तोंडाला पदर लावून हसली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाली, ‘आमार देश बारिसाल.’ मग आईच्या ध्यानात आलं की बाई गाव विचारतेय. बंगालीत ‘देश’ म्हणजे मूळ गाव. आई म्हणाली, ‘विटा.’ ना तालुका सांगितला, ना जिल्हा. काकीमाने मात्र मान अशी डोलावली की जणू विटा तिच्या येण्याजाण्यातलं होतं.

ही 1974 सालची गोष्ट. मी पाच वर्षांची होते. आबा तीन-चार वर्षं आधीपासून कलकत्त्यात होते आणि त्या वर्षी आम्हाला घेऊन गेले. बहूबाजारात, सोनारांच्या वस्तीत, एका जुन्या वाड्यात खाली आबांची भट्टी आणि वर आमची एक खोली. शेजारच्या खोलीत काकीमा, काका आणि त्यांचा मुलगा. त्याला मी दादा म्हणायचे. हा शब्द दोन्ही भाषांत एकच, म्हणून तो मला पहिल्या दिवसापासून आपला वाटला.

आमच्या खानापूर-आटपाडी भागात गलाई म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. दर चार घरांमागे एक माणूस कुठल्या ना कुठल्या शहरात दुकानावर असतो. इतरांसाठी सांगते. जुने दागिने, सोनाराच्या दुकानातला कीस, कचरा हे सगळं मुशीत वितळवायचं, त्यातलं सोनं आणि चांदी वेगळी करून शुद्ध लगड परत द्यायची. सोन्यात मुद्दाम जास्त चांदी मिसळून ते तेजाबात टाकतात. चांदी विरघळून जाते आणि तळाशी तपकिरी माती राहते. ती माती म्हणजे सोनं. टाकणखार घालून पुन्हा वितळवलं की चमक येते. विरघळलेली चांदी तांब्याचे पत्रे बुडवून परत मिळवतात. हे काम करणाऱ्याची बोटं तेजाबाने पिवळी पडतात आणि धुराने छाती धरते. आबांची बोटं मी कधी वेगळ्या रंगाची पाहिलीच नाहीत.

कोरडवाहू जमीन, चार-दोन वर्षांआड दुष्काळ, येरळेचं कोरडं पात्र. म्हणून माणसं गेली. कुणी हौसेने गेलं नाही.

काकीमाची माणसंही हौसेने आली नव्हती. 1950 च्या दंगलीत बारिसाल सोडून ती आईवडिलांबरोबर सियालदा स्टेशनवर उतरली तेव्हा चौदा वर्षांची होती. कित्येक महिने फलाटावर काढले, मग जादवपूरकडच्या एका कॉलनीत. निर्वासितांनी पडीक जमिनींवर रातोरात झोपड्या बांधून ज्या वसाहती उभ्या केल्या, त्यातली ती एक. काका ढाक्याकडचे, सोन्याचे कारागीर. लग्न झाल्यावर कामाच्या जवळ म्हणून बहूबाजारात आले. काकीमा त्या खोलीला कधी ‘बाडी’ म्हणाली नाही, ‘बासा’च म्हणायची. बाडी म्हणजे घर, ते बारिसालला. बासा म्हणजे राहायची जागा. आमच्याकडेही तसंच होतं. आई पंधरा वर्षं त्या जागेला खोलीच म्हणत राहिली. घर म्हटलं की विटाच समजायचं.

आणि काकीमाकडे ईस्ट बंगाल क्लब होता.

मी ‘क्लब’ लिहिते तेव्हा आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर काय येत असेल याचा मला अंदाज आहे. फुटबॉल म्हटलं की आपण फार तर शेजारच्या कोल्हापूरकडे बोट दाखवतो. तिथल्या पेठा आणि तालमी ज्यांनी पाहिल्यात त्यांना मी काय म्हणतेय ते लवकर कळेल.

या क्लबचा जन्मच रागातून झाला. 28 जुलै 1920, कलकत्त्यातल्या जोडाबागान आणि मोहन बागान या दोन क्लबांचा सामना. जोडाबागानने ऐनवेळी शैलेश बोस नावाच्या खेळाडूला संघाबाहेर ठेवलं. जोडाबागानचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी पूर्व बंगालचे. त्यांनी कारण विचारलं, समाधान झालं नाही, तेव्हा क्लबच सोडला. चारच दिवसांत, 1 ऑगस्टला, आपल्यासारख्या पूर्वेकडच्या मंडळींना घेऊन त्यांनी नवा क्लब काढला आणि नाव दिलं ईस्ट बंगाल. तोपर्यंत कलकत्त्यातली मूळची मंडळी पूर्वेकडून आलेल्यांना ‘बांगाल’ म्हणून हिणवत होती. बांगाल म्हणजे गावंढळ. ती मूळची मंडळी स्वतः ‘घोटी’. क्लबने जखमेवरचंच नाव उचलून छातीवर लावलं.

पाच वर्षांनी, 1925 च्या मे महिन्यात, कलकत्ता लीगमध्ये पहिल्यांदा मोहन बागानशी गाठ पडली आणि ईस्ट बंगालने एका गोलने जिंकली. 1942 मध्ये पहिल्यांदा लीग जिंकली. मग फाळणी झाली, लाखो माणसं सीमा ओलांडून आली, आणि सत्तावीस वर्षं एका क्लबचं असलेलं नाव एका हरवलेल्या मुलखाचं नाव झालं. पुढे 1955 मध्ये तिकडच्या सरकारने ईस्ट बंगाल हे प्रांताचं नाव बदलून पूर्व पाकिस्तान केलं. 1971 नंतर तो बांगलादेश झाला. त्यानंतर ‘ईस्ट बंगाल’ कुठल्याही नकाशावर राहिलं नाही. राहिलं ते मैदानातल्या पाटीवर, पेपरातल्या निकालात आणि लाल-सोनेरी जर्सीवर. काकीमाला लिहिता-वाचता बेताचंच यायचं. ती पेपर उलटा, शेवटच्या पानापासून उघडायची आणि ते दोन शब्द शोधायची. सापडले की बोट त्यांच्यावर ठेवून मला दाखवायची. बंगाली लिपीतले मी ओळखायला शिकलेले पहिले दोन शब्द तेच.

1970 ते 1975 सलग सहा वर्षं लीग ईस्ट बंगालने जिंकली. म्हणजे मी पोचले तेव्हा वाड्यात सुगीच चालू होती. 30 सप्टेंबर 1975 चा दिवस मला आठवतो. त्यातलं काही नंतर ऐकून आठवणीत मिसळलेलं असणार, पण शंख खरे होते. आयएफए शील्ड या स्पर्धेचा अंतिम सामना, मोहन बागानविरुद्ध पाच-शून्य. ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवलेला. पहिल्या गोलला काकीमाने शंख फुंकला. दुसऱ्याला पलीकडच्या माडीवरून उत्तर आलं. पाचव्याला गल्लीच्या एका टोकाला शंख आणि थाळ्या वाजत होत्या आणि दुसऱ्या टोकाच्या खिडक्या मिटत होत्या. आबा भट्टीतून वर आले, कुणाकडे बाळ जन्मलं का विचारायला.

त्या रात्री काकीमाने इलिश मासा केला, मोहरी वाटून. ईस्ट बंगाल जिंकलं की बाजारात इलिशचा भाव चढतो, मोहन बागान जिंकलं की कोळंबीचा. इलिश पद्मेचा, म्हणजे पूर्वेचा. कोळंबी घोटींची. आमच्या घरात मात्र आईच्या गळ्यात तुळशीची माळ. माशाचा वासही चालायचा नाही. मी काकीमाच्या खोलीत पाटावर बसून खाल्ला. तिने काटे काढून काढून भात कालवून दिला. घरी आले तेव्हा बोटांना मोहरीच्या तेलाचा वास येत होता. आईने हात नाकाजवळ नेला, थोडा वेळ तसाच धरला आणि म्हणाली, ‘जा, राखेनं धू.’ एवढंच. त्यानंतर जिंकलेल्या दिवशी ती मला जेवायला हाक मारायचीच नाही.

आबा मात्र मोहन बागानचे झाले, आणि याचं मला लहानपणी फार वाईट वाटायचं. त्यांना फुटबॉलमधलं कळत नव्हतं. त्यांचा जीव कुस्तीत. पण 1911 ची हकिगत त्यांना कुणीतरी सांगितली आणि ते तिथेच थांबले. 29 जुलै 1911, शील्डचा अंतिम सामना, समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. गोऱ्यांच्या पायात बूट. मोहन बागानच्या अकरापैकी दहा जण अनवाणी, फक्त सुधीर चॅटर्जींनी बूट घातलेले. आधी एक गोल खाल्ला. मग कर्णधार शिवदास भादुडींनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोषांनी दुसरा घातला. दोन-एक. इंग्रजांच्या फौजी संघाला हरवून शील्ड जिंकणारा पहिला भारतीय संघ. गर्दी एवढी की मागच्यांना काही दिसेना, म्हणून गोल झाले तसे पतंग उडवून आकडे कळवले. आबांचं बालपण पत्री सरकारच्या काळातलं. आमच्या भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव घेताना माणसं आवाज खाली आणत. आबा म्हणायचे, ‘अनवाणी पोरांनी गोऱ्याला लोळवला. आता दुसरं काय बघायचं?’

आज मला त्यांचं पटतं. मोहन बागानचा 1889 पासूनचा सगळा मान त्या एका संध्याकाळीतही मावेल. तरी माझा क्लब तो नाही.

सामन्याच्या दिवशी वाड्यात जे व्हायचं ते आबांनी एकदाच, पण अचूक सांगितलं. दसऱ्याला आमच्या विट्यात रेवणसिद्धाच्या दोन पालख्यांची शर्यत होते, मूळस्थानची एक आणि विट्याची एक. खांद्यावर पालखी घेऊन माणसं जीव तोडून धावतात. देव एकच, पण वर्षभर कोण पुढे होतं यावरून सोयरे सोयऱ्याशी वाद घालतात. काकांनी आबांना विचारलं की तुमच्याकडे असं काही असतं का, तेव्हा आबांनी हेच सांगितलं. काकांना पालखी कळली, देव कळला, पण एकाच देवाच्या दोन पालख्या कशाला हे काही कळेना. आबा म्हणाले, ‘एकटीच असती तर पळाली असती का?’

1984 साली मी पहिल्यांदा मैदानात गेले. पंधरा वर्षांची पोर, आई नकोच म्हणत होती. काकीमा म्हणाली, मी येते बरोबर. ती तरी कुठे गेली होती? चौतीस वर्षं कलकत्त्यात राहून तिने आपला क्लब फक्त ऐकला होता. तिने लाल काठाची साडी नेसली, डब्यात मुडी, म्हणजे कुरमुरे, घेतली आणि दादाच्या मागून आम्ही ट्रामने धर्मतल्ल्याला उतरलो.

मैदान म्हणजे फोर्ट विल्यमभोवतीचं अफाट हिरवं पटांगण. जमीन लष्कराची, त्यामुळे क्लबांच्या जागेला आजही तंबूच म्हणतात. घोड्यावरचे पोलीस, तिकिटाच्या रांगा. मागच्यांना दिसावं म्हणून पुठ्ठ्याच्या नळीत आरसे बसवलेल्या दुर्बिणी विकणारे. लीग पावसाळ्यात खेळतात. सामना कुठल्या तरी छोट्या क्लबाशी होता, निकालाची काही चिंता नव्हती. पाऊस कोसळत होता. चेंडू चिखलात रुतायचा, खेळाडू त्याच्यापुढे घसरत जायचे. त्याच आठवड्यात गावाहून आजोबांचं कार्ड आलं होतं: पेरणी वाया गेली, पाऊस नाही, चाऱ्याला पैसे पाठव. मी त्या पाण्याकडे बघत होते. एवढं पाणी नुसतं खेळायला.

काकीमा सामना बघत नव्हती. ती माणसं बघत होती. आजूबाजूला हजारो लोक तिच्या बोलीत ओरडत होते, पूर्वेकडच्या त्या ठेक्यात, ज्याला शहरात दुकानदारही हसायचे. ती चाळीस मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, ‘एतो लोक!’ एवढी माणसं. बस, तेवढंच बोलली.

परतताना तिने माझी ओळख कुणालातरी करून दिली, ‘आमादेर मेये’, आमची मुलगी. त्या माणसाने नाव विचारलं, माझं आडनाव ऐकून गोंधळला. दादा म्हणाला, त्यात काय, आपले पंचपांडव कोण होते? ते मला तेव्हा कळलं. 1949 ते 53 या काळात ज्या पाच जणांच्या आघाडीने ईस्ट बंगालचा दरारा बसवला, ते अहमद खान, सालेह, अप्पाराव, धनराज आणि व्यंकटेश. पाचही दक्षिणेतले. बारिसाल-ढाक्याच्या माणसांचं नाव छातीवर घेऊन खेळले, आणि स्टेशनच्या फलाटांवरून उठून नव्याने संसार मांडणाऱ्या माणसांनी त्यांना पोटच्या पोरांसारखं जपलं. त्या माणसाने मला एक पेढा दिला. माझं तिथलं नागरिकत्व तेव्हापासूनचं.

16 ऑगस्ट 1980 बद्दल लिहायचं की नाही, हा विचार करत मी दोन दिवस थांबले. ईडन गार्डन्सवर दोन क्लबांचा लीगचा सामना, गॅलरीत मारामारी, चेंगराचेंगरी आणि सोळा माणसं मेली. बहुतेक सगळी तरुण. दादा त्या गर्दीत होता. अंधार पडला तरी आला नाही. काकीमा जिन्यात बसून राहिली, आई तिच्याशेजारी. दोघींनाही एकमेकींची भाषा तोवर नीट येत होती, पण कुणीच बोलत नव्हतं. आबा आणि काका मेडिकल कॉलेजच्या दाराशी जाऊन आले. रात्री अकराच्या सुमारास दादा आला, एका पायात चप्पल, शर्टाची बाही फाटलेली. त्याच्याबरोबर आमच्याच गल्लीतला मोहन बागानवाला मुलगा होता, दोघांनी एकमेकांचा हात धरलेला. तो हात त्यांनी जिन्यापर्यंत सोडला नव्हता. काकीमाने आधी त्या दुसऱ्या मुलाला पाणी दिलं. कलकत्त्यात दर वर्षी 16 ऑगस्टला त्या सोळा जणांच्या आठवणीत रक्तदान होतं. दादा शरीर साथ देईतो जात राहिला.

1989 मध्ये माझं लग्न झालं आणि मी विट्याला आले, म्हणजे आईच्या भाषेत घरी आले. मला मात्र ते परगाव वाटलं. पहिल्या पावसाळ्यात मी दुपारी चारला उगाच अस्वस्थ व्हायचे. घरात कुणाला काय सांगणार? 13 जुलै 1997 ला फेडरेशन कपची उपांत्य लढत कलकत्त्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर झाली. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त, आपले पी. के. बॅनर्जी. 1,31,781 माणसं आत होती आणि बायचुंग भुतियाने तीन गोल घातले. चार-एक. दादाने रात्री शेजारच्या एसटीडी बूथवर फोन लावला. मला बोलवायला पोरगं धावत आलं, मी धसकून गेले, काही वाईट तर नाही ना. दादा नुसता ओरडत होता, आणि मागून शंख ऐकू येत होता. काकीमा एकसष्ट वर्षांची होती. दम लागत असेल, तरी फुंकत होती. 2003 मध्ये जकार्तात आसियान क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बीईसी टेरो सासाना या थायलंडच्या संघाला तीन-एक हरवलं, तेव्हाही फोन आला. तो शंखाचा शेवटचा.

नंतरची वर्षं क्लबसाठी फार खडतर गेली. शंभरी 2020 मध्ये झाली. गुंतवणूकदार आले, भांडले, गेले. इंडियन सुपर लीगमध्ये हार मागून हार. मोहन बागान तिकडे ट्रॉफ्या उचलत होता. हे मला मनापासून लागतं. क्लब चालवायला पैसा लागतो हे गलाईवाल्याच्या मुलीला सांगायची गरज नाही. पण हा क्लब ज्यांनी मुडी खाऊन, रांगेत भिजून उभा केला, त्यांना करार झाल्यावर पेपरातून कळावं, हे मला पटत नाही. 28 जानेवारी 2024 ला भुवनेश्वरला सुपर कप जिंकला, ओडिशाविरुद्ध जादा वेळेत तीन-दोन, बारा वर्षांनी देशपातळीवरचं एखादं विजेतेपद. मी फोनवर बघत होते, टेंभू योजनेचं पाणी आलेल्या आमच्या रानात, डाळिंबाच्या बांधावर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आरजी कर रुग्णालयात अत्याचार करून मारलेल्या डॉक्टर मुलीसाठी शहर रस्त्यावर उतरलं आणि बंदोबस्ताला पोलीस नाहीत म्हणून दोन क्लबांचा ड्युरँड कपचा सामना रद्द झाला. तरी 18 तारखेला लोक स्टेडियमबाहेर जमलेच. हिरवे-मरून आणि लाल-सोनेरी, एकमेकांना खांद्यावर घेऊन. मला जिन्यातली ती रात्र आठवली, दोन पोरांचा न सुटलेला हात.

काकीमा आता नाही. 2019 च्या ऑगस्टअखेर मेट्रोचा बोगदा खणताना बहूबाजारातली जमीन खचली, स्याकरापाडा लेन आणि आजूबाजूची घरं पडली. स्याकरा म्हणजे सोनार. आमचा वाडाही त्यानंतर रिकामा केला. दादा मुलाकडे राहायला गेला. बासा होती ती गेली, बाडी आधीच गेली होती.

गेल्या दसऱ्याला मी शर्यत बघायला उभी होते. गलाईवाले त्या दिवसांत गावी येतात, त्यामुळे गर्दीत निम्मी मराठी वेगवेगळ्या शहरांच्या चालीवर ऐकू येते. पुढ्यात विशीतला एक पोरगा, अंगात लाल-सोनेरी जर्सी, छातीवर मशाल. 1930 मध्ये लीगच्या वरच्या विभागात जायची क्लबची वाट अडवली तेव्हा समर्थकांनी मशाली घेऊन मोर्चा काढला, ती ही मशाल. लाल आणि सोनेरी, भट्टीचेच रंग. काकीमा आबांची बोटं बघून म्हणायची, तुम्ही कितीही मोहन बागान म्हणा, हात आमच्याच रंगाचे.

मी बंगालीत विचारलं, कुठं राहतोस? तो दचकून वळला. ‘बहूबाजार,’ म्हणाला, आणि मग मराठीत, ‘मावशी, तुम्ही?’

‘मीही. आणि तुझं गाव?’

‘देश भाळवणी.’ त्याच्या तोंडून तो शब्द सहज आला.

‘आणि घरातले सगळे लाल-सोनेरी?’

‘पप्पा मोहन बागान. बोलतच नाहीत माझ्याशी मॅचच्या दिवशी.’ मग त्याने विचारलं, ‘तुम्ही कुठल्या गल्लीत होता?’ मी सांगितलं. त्याने थोडा वेळ आठवलं. ‘तिथं आता पत्रे मारलेत,’ म्हणाला.

तेवढ्यात मागून आरोळी उठली आणि पालख्या दिसल्या. तो ‘येतो मावशी’ म्हणत गर्दीत घुसला, विट्याच्या पालखीच्या बाजूने.